माजघर मोकळं केलं

रनाळे,
ता. ४ फेब्रुवारी १९३६

चि. सौ. जसोदा हीस,

आशीर्वाद. इकडे ठीक आहे. हरभरा खळ्यात आला, कापसाची शेवटची वेचणी राहिली आहे. पत्र लिहायचं कारण निराळं आहे, म्हणून लगेच त्यावर येते.

मी घर हलकं करायला काढलं आहे.

तुझे भाऊ जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून या घरात माणूस मी एकटी, आणि सामान मात्र भरल्या घराचं. सकाळ वस्तू हलवण्यात जाते आणि दुपार त्या जागच्या जागी ठेवण्यात. कोणासाठी करते, हे स्वतःला विचारलं तर सांगता येत नाही.

गावजेवणाचे गंज, पराती आणि ते मोठं घंगाळ मी राममंदिराच्या पंचांच्या हवाली केलं. लग्नकार्याला लोक इथून नेत, आता देवळातून नेतील. म्हैस आपल्या भावकीतल्या लोटनच्या गोठ्यात गेली. आपलं शेत तोच करतो, चारा त्याच्याकडे, मग म्हैस माझ्याकडे कशाला? दूध मला तांब्याभर पुरतं, ते त्याची बायको आणून देते. यंदा पापड-कुरडया घालणार नाही. एक भाजी, एक भाकरी, एक दिवा, असं ठरवलं आहे.

तुझ्या आईच्या चीजवस्तूंपैकी तुला काय हवं ते कळव. आखाजीच्या सणाला तू माहेरी येशील तोवर थांबते असं लिहिणार होते, पण थांबणार नाही. महिन्याच्या आत उत्तर पाठव.

रूपचंदरावांना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझी वहिनी,
वत्सला


खांडबारा,
ता. १५ फेब्रुवारी १९३६

ती. गं. भा. वत्सलावहिनी यांस,

जसोदाचा पाया पडून नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, मला नीट लागलं नाही. पण मला अक्षरं तुम्हीच शिकवलीत, तुमचं अक्षर मला लागणार नाही असं कसं होईल? तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी परकरात होते. दुपारी सगळे निजले की तुम्ही पाटी घेऊन बसायच्या आणि आई ओरडायची, "पोरगीले काय कारकून करशी?"

वहिनी, ते घंगाळ बाबांनी माझ्या जन्माच्या वेळी घेतलं होतं. देवळात दिलं हे चांगलंच, पण आधी एक शब्द कळवायचा होता.

इकडे माझ्या घरात पाय ठेवायला जागा नाही. तीन खोल्या, सासूबाई, पाच मुलं आणि स्टेशनजवळ राहतो म्हणून प्रत्येक गाडीला उतरणारे पाहुणे. कोणी नवापूरला जायचं म्हणून उतरतं, कोणी गाडी चुकली म्हणून राहतं. यांच्या मालधक्क्यावरचे हमालसुद्धा आपल्या पिशव्या आमच्या पडवीत ठेवतात. कोपऱ्यात गोधड्यांची थप्पी छताला लागली आहे. तुम्ही विचारता काय हवं, तर आईची कळशी आणि संदूक पाठवा. कुठं ठेवीन ते देव जाणे, पण हवी आहेत.

हिंडोळ्याला मात्र हात लावू नका. माजघरातला तो हिंडोळा आहे तोवर मला माहेर आहे असं वाटतं. बाबा त्याच्यावर बसून सुपारी कातरायचे. आखाजीला येईन तेव्हा मी त्याच्यावर बसेन, तुम्ही मला झोका द्या. पोरं हसली तर हसू देत.

तुमची,
जसोदा


रनाळे,
ता. २ मार्च १९३६

चि. सौ. जसोदा हीस,

आशीर्वाद. कळशी आणि संदूक दोधू पाटलांच्या गाडीतून नंदुरबारला पोचवली आहेत, तिथून रेल्वेनं येतील.

हिंडोळा तुझं पत्र यायच्या आधीच उतरवला होता. माजघराच्या मधोमध टांगलेला, येता-जाता गुडघ्याला लागायचा. लोटनच्या ओसरीत लावला आहे. तिथं त्याची मुलं दिवसभर बसतात. इथं त्याच्यावर कोणी बसत नव्हतं.

देवांचे टाकही लोटनकडे दिले. रोज इतक्या देवांना अंघोळ घालायची, पुसायचं, ओळीनं मांडायचं, हे आता माझ्यानं होत नाही. एक बाळकृष्ण ठेवला आहे. कुळाचार लोटनच्या घरी होईल, तेही आपलंच कुळ आहे.

अक्षर बिघडलं आहे, समजून घे. दिवसा उंबऱ्यात बसून लिहिते.

वत्सला


खांडबारा,
ता. २० मार्च १९३६

ती. गं. भा. वहिनी यांस,

जसोदाचा नमस्कार.

हिंडोळा गेला, ते मी गिळलं. टाक गेले, ते सासूबाईंना सांगितलंसुद्धा नाही, कारण त्या म्हणाल्या असत्या, सुनेनं घरातले देव बाहेर काढले. पण परवा जे झालं ते गिळता येत नाही.

सकाळच्या गाडीनं तुम्ही आणि लोटन सुरतेकडे गेलात. गाडी आमच्या स्टेशनावर उभी राहिली. हे मालधक्क्यावरून पाहत होते. बायकांच्या डब्याच्या खिडकीत तुम्ही बसलेल्या. हे धावत आले, खिडकीशी उभे राहून दोनदा म्हणाले, "वत्सलावहिनी! वहिनी!" तुम्ही समोर पाहत बसलात. मान वळवली नाही. गाडी हलली.

हे घरी येऊन म्हणाले, "तुझ्या वहिनीनं मला ओळख दिली नाही." मग जेवले आणि कामावर गेले. माझी मान खाली गेली.

आमच्या दारावरून जायचं, उतरायचं नाही, कळवायचं नाही, हाकेला ओ द्यायची नाही! सुरतेला कशाला गेलात? मोडीत काय घालायला नेलं? वस्तू सगळ्या लोटनकडे, देव लोटनकडे, शेत लोटनकडे. मग मला महिन्याच्या आत उत्तर पाठव म्हणून लिहिलं ते कशाला? दोन जुन्या वस्तू देऊन माझं माहेर फिटलं, असंच ना?

आखाजीला मी येत नाही. बसायचं कुठं, ते तरी राहिलं आहे का तिथं?

जसोदा


रनाळे,
ता. २८ मार्च १९३६

जसोदाताईस,

लोटनचा रामराम. मी चार बुकं शिकलो, पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर माफ कर. वत्सलावहिनीला न सांगता लिहितो आहे. तुझं पत्र तिनं मलाच वाचायला लावलं. आता ते तिला स्वतःला वाचता येत नाही.

ताई, तिची नजर जाऊ लागली आहे. दिवाळीपासून दिव्याभोवती तिला रंगाची कडी दिसायची. ती कोणाला बोलली नाही. मग बाजूचं दिसेनासं झालं. समोर धरलेली वाटी दिसते, पण वाटीशेजारचा तांब्या दिसत नाही. घरात ती सारखी आदळायची. गुडघे, कोपरं, कपाळ, सगळीकडे निळं. आमच्या हिनं विचारलं तर म्हणे, हिंडोळा लागला.

मी जबरीनं तिला सुरतेच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी दोन्ही डोळे तपासले. म्हणाले, काचबिंदू आहे, मोतीबिंदू असता तर काढला असता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. थेंब दिले आहेत. ती नुसती म्हणाली, "बरं." बाहेर आल्यावर मला म्हणाली, "लोटन, जसोदाले सांगू नको. ती माले लई जाई."

तेवढ्या एकाचंच तिला भय वाटतं, की तू येऊन तिला घेऊन जाशील.

खांडबाऱ्याला मी दुसऱ्या डब्यात होतो, मला काही कळलं नाही. परतताना तिनंच सांगितलं. दाजींची हाक तिनं ऐकली होती. पण ते कुठल्या बाजूला उभे आहेत ते समजेना. ती म्हणाली, मान वळवून भलतीकडे बघितलं असतं तर त्यांच्या ध्यानात आलं असतं. म्हणून तशीच बसली. गाडी सुटेपर्यंत हात मांडीवर दाबून धरला होता म्हणे.

मोडीत काही घातलेलं नाही, ताई. वस्तू माझ्याकडे आल्या हे खरं, पण मी मागितल्या नाहीत. ती घर रिकामं करते आहे ते आंधळेपणी एकटीला राहता यावं म्हणून. रोज दुपारी दार लावून डोळे मिटते आणि घरात चालते. चुलीपासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून न्हाणीपर्यंत. जिथं काही लागलं ती वस्तू दुसऱ्या दिवशी माझ्या घरी येते. आमच्या हिनं कवाडाच्या फटीतून पाहिलं, तेव्हा आम्हाला समजलं.

तू आता काय करायचं ते कर. मी लिहिलं हे तिला सांगू नको, आणि सांगितलंस तरी चालेल.

लोटन


खांडबारा,
ता. ५ एप्रिल १९३६

ती. वहिनी यांस,

नमस्कार. आखाजीला येते आहे. मागच्या पत्रातलं सगळं मी परत घेतलं. हेही म्हणाले, "मीच खिडकीच्या समोर जायला हवं होतं."

आठ दिवस राहीन. परतताना तुम्हाला बरोबर आणायचं आहे. सासूबाईंशी बोलले, त्या तयार आहेत. मधल्या खोलीत खिडकीजवळ खाट टाकू. तुम्हाला उठावंसुद्धा लागणार नाही.

जसोदा


रनाळे,
ता. २९ एप्रिल १९३६

घरधन्यांच्या सेवेशी,

जसोदाचा नमस्कार. ठरल्यापेक्षा अजून चार दिवस इथं राहते आहे. मुलांकडे आणि सासूबाईंकडे लक्ष असू द्या. वहिनी माझ्याबरोबर येणार नाही. का, ते लिहिते. वाचून रागावू नका.

पहिल्या दिवशी मी घरात शिरले आणि मला रडू आलं. माजघरात काही नाही. भिंतीला एक खाट, एक कोनाडा, कोनाड्यात बाळकृष्ण. स्वयंपाकघरात चूल, पाण्याचे दोन माठ, चार भांडी. बोललं की घर घुमतं. वहिनी मात्र दारापर्यंत आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "वाळी गयी तू." बोट लावून तिनं माझी हाडं मोजली. ती माझ्याकडे बघते तेव्हा तिला माझं नाक दिसतं, कान दिसत नाहीत, असं तीच हसत म्हणाली.

मी म्हटलं, असं ओकंबोकं घर बरं नाही. आखाजीचा सण. मी लोटनकडून दोन पाट आणले, धान्याची कोठी हलवून आत सावलीत ठेवली, माजघरात कपडे वाळत घालायची दोरी बांधली. तिला टेकून बसता यावं म्हणून मास्तरांच्या घरून एक लाकडी खुर्ची मागून आणली आणि माजघरात उजेडाच्या तोंडाशी ठेवली. सारवलं, सजवलं. दोन दिवस ती फक्त कमी हिंडली. मला वाटलं, आराम करते आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात होते. ती चुलीवरून तापलं दूध घेऊन माजघरातून निघाली, मलाच द्यायला. खुर्चीवर आदळली. खुर्ची, ती आणि दूध, सगळं एकदम खाली. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

मी धावले, उचललं. लोटनच्या बायकोनं कोरफडीचा गर लावला. थोड्या वेळानं वहिनीनं विचारलं,

"खुर्ची कोनी ठेयी?"

"मी ठेयी, वहिनी. तुन्हासाठे."

"मन्हासाठे? मंग तू माले इचारं का?"

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली, भाजीत मीठ किती घातलं ते विचारावं तशी. मी म्हणाले, आता हे पुरे, माझ्याबरोबर चल. कागदावर मी तिला तुम्ही लिहिते, पण तोंडानं लहानपणापासून तूच म्हणते. म्हटलं, तिथं तुला काही करावं लागणार नाही, जे मागशील ते हातात मिळेल.

ती म्हणाली, "तेच ते, जसोदा. तठे मी पानी मांगसू. आठे मी पानी लेसू."

मग भाजलेला हात उशाशी ठेवून झोपली.

दुपारी ती पट्टी बदलायला लोटनच्या घरी गेली. मी एकटी होते. मी पदराची घडी करून डोळ्यांवर बांधली आणि दारातून चुलीकडे निघाले. पाटाला ठेच लागली. दोरी गळ्यात आली. कोठीचा कोपरा कमरेत बसला आणि आपण कुठं आहोत तेच समजेना. त्याच घरात मी रांगले, वाढले, आणि मला तिथं दार सापडेना. भीती वाटली. हाक मारणार होते, लाज वाटली.

डोळे सोडले. खुर्ची मास्तरांकडे नेऊन दिली. पाट, दोरी, सगळं काढलं. कोठी तिच्या जागी ढकलली. पुन्हा डोळे बांधले. या वेळी भिंतीला बोट लावून निघाले ते सरळ चुलीशी पोचले, तिथून माठाशी, आणि ओगराळं हाताला लागलं. पाणी प्यायले. तेव्हा कळलं की हे घर ओकं नाही. तिनं यात वाट केली आहे.

आता आपलं घर डोळ्यांपुढे आणा. तुमची सायकल, मुलांच्या पाट्या, पाहुण्यांची गाठोडी, सासूबाईंचे डबे, धुण्याची पाटी. तिथं ती दोन पावलं टाकू शकणार नाही. खाटेवर बसवून ठेवू आणि लोकांना सांगू, आम्ही सांभाळतो.

म्हणून ती इथंच राहील. हात बरा होईपर्यंत मीही राहते. रोज सकाळी मी फक्त विचारते, "आज मी काय करू?" कालचं उत्तर होतं, "शेंगा सोल. नि त्या सुपातच ऱ्हाऊ दे."

आपली,
जसोदा


रनाळे,
ता. १२ जुलै १९३६

चि. सौ. जसोदा हीस,

आशीर्वाद. मी सांगते आहे, लोटन लिहितो आहे.

हात बरा झाला. डाग राहील. उजवा डोळा गेला. डाव्यात सुपारीएवढी जागा उरली आहे, तिच्यातून जे दिसतं ते चांगलं दिसतं. परवा त्या जागेतून एक सुगरण पक्षी पाहिला. बाकी झाड दिसलं नाही, नुसता पक्षी.

तू पुन्हा विचारलंस, म्हणून पुन्हा सांगते. येणार नाही. मला इथं अडचण नाही. आड लांब पडतो, तर पाणी लोटनची बायको भरते, तेवढं मी घेते तिच्याकडून. बदल्यात तिचं दळण निवडते. खडा बोटाला लागतो.

(हे लोटन माझ्या मनानं लिहितो: निवडते खरी, पण गप्पा इतक्या मारते की आमच्या हिचा स्वयंपाक रोज उशिरा. आता सांजेला बायकाही येऊन बसतात. आधी घरात बसायला जागा नव्हती, आता आहे म्हणे.)

लोटन काहीतरी जास्त लिहितो आहे, बोरू वाजतो आहे. काय लिहिलं ते सांगत नाही.

वत्सला


खांडबारा,
ता. २५ ऑक्टोबर १९३६

ती. वहिनी यांस,

जसोदाचा नमस्कार. लोटननं लिहिलं, पितृपंधरवड्यात डावा डोळाही गेला. तुम्ही त्याच्याकडून "बरी आहे" एवढंच लिहवून घेतलं होतं. मला आता तुमच्या पत्रात काय नाही तेही वाचायची सवय झाली आहे.

माझं सांगायचं तर, मीही इथं घर हलकं करायला गेले होते. श्रावणात सुरुवात केली. सासूबाईंनी एक फुटका डबासुद्धा टाकू दिला नाही. म्हणाल्या, "माझ्या मागं टाका." दोन दिवस बोलणं बंद. मी सोडून दिलं. त्यांच्या वस्तू त्यांच्या, हे खुर्चीपाशीच शिकले होते. पण माझ्या हातात होतं तेवढं केलं. प्रत्येक गाडीला नवा स्वयंपाक करायचे, ते थांबवलं. आता दोन वेळाच चूल पेटते. मधे येईल त्याला भाकरी आणि चटणी. कोणी रुसलं नाही. हे म्हणाले, "मला वाटायचं, तुला आवडतं म्हणून करतेस." मला वाटायचं, यांना आवडतं. चौदा वर्षं आम्ही दोघं तसंच समजत होतो.

दिवाळीला मी येते. एकटी येईन. मुलं हट्ट धरून बसली आहेत, धाकटी तर कालपासून जेवली नाही. पण ती पाच जण म्हणजे पायात पाय. कुठंही बसतील, काहीही टाकतील, तुमच्या वाटेत येतील. मला पुन्हा तसं काही व्हायला नको आहे. फराळाचं, साडी, मुलांनी केलेला कंदील बरोबर आणू की नको, ते आधी विचारते.

जसोदा


रनाळे,
ता. ३ नोव्हेंबर १९३६

जसोदा,

हे मीच लिहिते आहे. लोटननं कागदावर बांबूची काडी धरायला शिकवलं, तिच्या कडेनं लिहायचं आणि ओळ झाली की काडी खाली सरकवायची. ओळी एकावर एक चढल्या असतील तर सावकाश वाच.

फराळ आण. साडी नको, आहेत त्या पुष्कळ. कंदील आण, तो बाहेर टांगू, गावाला दिसेल.

मुलांना घेऊन ये. पाचही जणांना. घरभर पळू देत, पायात येऊ देत. चाहूल लागते, बोललं की बाजूला होतात. वस्तू होत नव्हत्या, म्हणून काढल्या. एवढी जागा मी कोणासाठी केली आहे, असं तुला वाटलं?

धाकटीला आधी जेवायला घाल.

वत्सला